दोर कापणारा हात

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी चिंचेच्या झाडाला लोंबकळलो. चारचौघांत मास्तर म्हणून वावरणाऱ्या गृहस्थाने असले वृत्त स्वतःच्या तोंडाने दिवाळी अंकात जाहीर करावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण पुढे जो प्रश्न मला मांडावयाचा आहे, तो मला त्या झाडाखालीच भेटला. तेव्हा लाज बाजूस ठेवून तेथूनच आरंभ करतो.

आमचे अकोट सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. उत्तरेस नरनाळ्याचा किल्ला आणि मेळघाटचे रान, दक्षिणेस काळ्या जमिनीतून सावकाश वाहणारी पूर्णा. सावकाश ही आठ महिन्यांची गोष्ट झाली. डोंगरात पाऊस कोसळला की नाले घटकाभरात फुगतात, आणि पूर्णा चढली की गांधीग्रामच्या पुलापाशी माणसे दोन्ही तीरांवर उभी राहून एकमेकांकडे पाहत राहतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी याच गांधीग्रामहून खांद्यावर कावडी घेऊन हजारो लोक अकोल्याच्या राजराजेश्वराला पाणी नेतात. ज्या पाण्याला आपण खांद्यावर घ्यावयाचे, तेच एखाद्या रात्री आपल्याला उचलून नेते. नदीकाठच्या माणसांना यात विरोध वाटत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात आहे. हे दल २००६ साली उभे राहिले आणि त्याची एक बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. यंदा ज्येष्ठात, पाऊस तोंडावर आला असताना, तो सुट्टीवर आला आणि स्वस्थ बसेना. गावातली पंधरा-वीस पोरे त्याने गोळा केली. आमच्या जिल्ह्याला या कामाची आवड नाही असे नव्हे. पिंजरचे संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक नदीत आणि धरणांत बुडालेल्यांचा शोध घेत फिरते, हे अकोल्याकडचा वृत्तपत्र वाचणारा प्रत्येक माणूस जाणतो. तीही गावचीच माणसे, स्वयंसेवकच. आणि संकटात धावून जाण्याचे रीतसर शिक्षण देणारी केंद्रीय संस्था तर आपल्या नागपूरलाच १९५७ साली निघाली. पण आमच्या पोरांना नागपूर लांब. त्यांना झाड जवळ.

त्या दिवशीचा पाठ हेलिकॉप्टरच्या विंचचा होता. पुरात घराच्या छपरावर माणूस अडकला, बोट जाऊ शकत नाही, हेलिकॉप्टर उतरू शकत नाही. अशा वेळी ते वर स्थिर राहते आणि विंचवरून पोलादी तार खाली सोडून माणूस उचलून घेते. आपण अशी चित्रे पाहिली आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात आलुव्याला पुराने वेढलेल्या एका गरोदर स्त्रीला नौदलाने असे उचलले. आधी तारेवरून डॉक्टर खाली उतरला, त्याने तिला तपासले, मग तिला वर घेतले. त्याच दिवशी ती बाळंत झाली आणि मुलगा झाला. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला, त्यावर २६१ माणसे होती. नौदलाच्या जहाजांनी आणि हेलिकॉप्टरांनी त्यांतील १८० हून अधिक वाचवली. ७० हून अधिक गेली. उचलून घेणारा तो हात आकाशातून येतो म्हणून आपण त्याला देवदूत म्हणून मोकळे होतो. देवदूत म्हटले की त्याला शिकावे लागले असेल, हे ध्यानात येत नाही.

हेलिकॉप्टर अकोटात कोठून आणावयाचे? त्याने ते चिंचेवर आणले. जाड फांदीला कप्पी बांधली, तीवरून दोर घेतला, दोराच्या टोकाला काखेखालून घालावयाचा रुंद पट्टा लावला. फांदीवर एका मुलाला बसवले. तो विंच चालवणारा. दुसऱ्याला बुंध्याला टेकवून डोळे मिटावयास सांगितले, तो वैमानिक. डोळे का मिटावयाचे? कारण खऱ्या वैमानिकालाही तारेच्या टोकाचा माणूस दिसत नाही. तो थेट त्याच्या पोटाखाली असतो. दारात गुडघे टेकून बसलेला विंचवाला त्याला सांगत राहतो : पुढे, अजून पुढे, किंचित उजवीकडे, आता थांब. यंत्र एकाच्या हाती, डोळे दुसऱ्याचे आणि जीव तिसऱ्याचा, असा हा मामला आहे.

आता पुरात सापडलेला माणूस कोण होणार? सगळी पोरे हसत माझ्याकडे पाहू लागली. “सर, तुमीच व्हा. पुरात खरी तर मोठी माणसंच अडकतात,” तो म्हणाला. शिष्याचे ऐकण्याची वेळ गुरूवर कधी तरी येतेच.

तो नियम सांगू लागला. वरून येणाऱ्या आकड्याला तो जमिनीला टेकेपर्यंत हात लावावयाचा नाही, कारण फिरत्या पात्यांमुळे यंत्रात वीज साठते आणि अधीर माणसाला तिचा झटका बसतो. आकडा झाडाला, खांबाला, बोटीला, कशालाही बांधावयाचा नाही. छपरावरचे सुटे पत्रे, कापडे, पोती आधीच आवरावयाची. त्या वाऱ्यात पत्रा सुरीसारखा उडतो. बोललेले ऐकू येणार नाही, म्हणून सगळे हातांच्या खुणांनी. “आणि पट्टा घातला का हात खाली. अंगाशी लावून. वर काही धरायले जायचं नाही.”

मी पट्टा घातला. बारा पोरांनी दोर ओढला. पाय जमिनीवरून सुटले आणि पुढच्याच क्षणी माझे दोन्ही हात आपोआप वर गेले, दोर धरावयास. हात वर गेले तसे खांदे अरुंद झाले आणि मी पट्ट्यातून सरळ निसटलो. खाली कुटाराची पोती टाकलेली होती म्हणून हा लेख लिहावयास शिल्लक राहिलो. पोरे पोट धरधरून हसली. तो हसला नाही. “पाह्यलं का, सर? जो पकडाले जाते तो पडते.”

मला त्रिकूटाची आठवण झाली. झारखंडात देवघरजवळच्या त्या डोंगरावर १० एप्रिल २०२२ रोजी दोरवाटेच्या डब्यांचा अपघात झाला आणि माणसे दोन दिवस हवेत टांगलेली राहिली. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी एकेकाला वर घेतले. त्यांतला एक माणूस हेलिकॉप्टरच्या दाराशी पोहोचला आणि तेथून निसटून खाली गेला. ते चित्र सगळ्या देशाने घरी बसून पाहिले. सुटका एक वीत उरलेली असताना जाणारा जीव पाहण्याइतके दुःसह काही नाही.

दुसऱ्या खेपेस मी हात खाली ठेवले. वाचकहो, ते सोपे नाही. जन्मापासून घट्ट धरणे हीच आपली सवय, आणि जगण्याचा नियम असा की येथे न धरणाराच वर जातो. मी फांदीपर्यंत गेलो, माकडासारखा आत ओढला गेलो आणि टाळ्या पडल्या. येथे हा गमतीचा भाग संपतो.

कारण तेवढ्यात आठवीतल्या एका पोराने विचारले, “तार अडकली तं?”

“कुठं?”

“झाडात. तारेत. खालचा माणूस लटकलेला हाये अन् तार अडकली तं?”

“मंग सोडवतात.”

“अन् नाही सुटली? हेलिकॉप्टरच पडायले लागलं तं?”

तो जरा थांबला. मग त्याने सरळ उत्तर दिले, मुलांना द्यावे तसे. करंगळीहून बारीक अशी ती तार जेथून सुटते तेथे ती तोडण्याची व्यवस्था असते. कळ दाबली की लहानसा बार उडतो आणि पाते तार तोडते. तार कशात गुंतली आणि यंत्रच खाली ओढले जाऊ लागले, तर वरच्याने ती कळ दाबावयाची असते.

“माणूस लटकला असला तरी?”

“सगळेच जात असले तर, हाव. आमी उतरतो तवा आमाले हे माहीत असते.”

पोरे गप्प झाली. मीही गप्प होतो. पण माझ्या गप्प बसण्याचे कारण निराळे होते. दोर कापणारा एक हात मी अकरा वर्षांचा असताना पाहिला आहे. तो माझ्या बाबांचा होता.

आमच्या शेताला शेत लागून दोघा भावांचे शेत होते. नात्याने आमचे कोणी नव्हेत, पण मी त्यांना मोठे काका आणि लहाने काका म्हणत असे. त्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी फार खोल गेले. वर ठेवलेले डिझेल इंजिन पाणी ओढीना, म्हणून ते खाली विहिरीतल्या टप्प्यावर उतरवले होते. असे त्या काळी पुष्कळ जण करीत. इंजिनाचा धूर वर येण्याऐवजी तेथेच साचतो आणि त्या धुरात माणसाचा जीव घेणारा एक वायू असतो, ज्याला रंग नाही की वास नाही, हे आमच्या गावी तेव्हा कोणाला ठाऊक होते? इंजिन बंद पडले. मोठे काका ते पाहावयास उतरले आणि टप्प्यावर बसल्यासारखे झाले. मग आडवे झाले. हाक मारली, उत्तर नाही.

लहाने काका तेव्हा वीस-बावीस वर्षांचे असतील. ते तसेच पायऱ्यांवरून निघाले. बाबांनी त्यांना धरून बळेच कमरेला नाडा बांधला, यारीवरून घेतला, मग जाऊ दिले. निम्म्यावर जाताच त्यांची पावले चुकू लागली, हाकेला भलतेच उत्तर येऊ लागले. बाबांनी आणि सालदाराने त्यांना वर ओढले. वरच्या वाऱ्यात ते शुद्धीवर आले आणि पुन्हा विहिरीकडे धावले. “सोडा मले! माहा भाऊ हाये तो!” त्या वेळी बाबांनी बांधावर पडलेला विळा उचलला आणि यारीवरचा नाडा कापून टाकला. दोराचा मोठा तुकडा विहिरीत पडला. त्याचा पाण्यात पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग पायऱ्यांच्या तोंडाशी उभे राहून ते म्हणाले, “आता कोनी उतरनार नाही.”

त्यानंतर जे करता येण्याजोगे होते ते त्यांनी केले. माणसे पाठवून दुसरा दोर व जाणता माणूस बोलावला, बादल्यांनी पाणी मारले, कडुनिंबाचे डहाळे बांधून वरखाली फिरवले, हवा खेळवली. मोठ्या काकांना वर काढले तेव्हा दीड तास होऊन गेला होता.

तेराव्याच्या दिवशी काकूंनी माझ्या आईला विचारले, “दोर काऊन कापला वो त्याहीनं?” हा प्रश्न पुढे वीस वर्षे गावात फिरत राहिला. कोणी म्हणे, लागलीच उतरले असते तर वाचला असता. कोणी म्हणे, भ्यायला. लहाने काका बाबांशी बोलेनासे झाले. बाबा कोणालाच उत्तर देत नसत. एकदाच, मी मास्तर झाल्यावर, रात्री अंगणात बाजेवर पडल्यापडल्या ते मला म्हणाले, “म्या त्या दिवशी एकाले वाचवलं का एकाले मारलं, मले अजूनई समजत नाही रे.” बाबा गेले तेव्हा लहाने काका आले. काही बोलले नाहीत. खांदा दिला आणि गेले.

सुट्टीवर आलेला माझा विद्यार्थी, तो या लहान्या काकांचा मुलगा.

आता प्रश्न मांडतो. दुसऱ्याचा जीव धोक्यात असताना स्वतःचा, किंवा तिसऱ्याचा, जीव आधी पाहण्याचा अधिकार माणसाला आहे काय? आपल्या मनावर लहानपणापासून जे कोरले गेले आहे, ते तर याच्या उलट आहे. शिबीने कबुतरासाठी मांडीचे मांस कापून दिले, दधीचीने अस्थी दिल्या, जटायू जिंकता येणार नाही हे जाणून रावणावर झेपावला. आणि दोर कापण्याची गोष्ट आपल्याकडे एकच प्रसिद्ध आहे. १६७० साली सिंहगडावर तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापून टाकले असे आपण ऐकत आलो. तेथे दोर कापला तो माणसांनी मागे फिरू नये म्हणून. माणसे पुढे जाऊ नयेत म्हणून दोर कापणाऱ्याचा पोवाडा कोणी केलेला नाही.

पण या शिक्षणाचा पहिला पाठ नेमका तोच आहे. वाचवणाऱ्याने आधी स्वतःला पाहावे, मग आपल्या सोबत्याला, मग सापडलेल्याला. प्रथम ऐकताना हा क्रम स्वार्थाचा वाटतो. मलाही वाटला. मग एप्रिल २०२४ मधली वाकडीची हकीकत आठवा. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या या गावी, शेणाची रबडी साठवलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला काढावयास एक जण उतरला, त्याला काढावयास दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा. एकामागून एक पाच माणसे गेली. सहावा वाचला, त्याच्या कमरेला दोर होता आणि तो वर ओढता आला. त्या पाचांपैकी कोणी भ्याड नव्हता, कोणी स्वार्थी नव्हता. प्रत्येकाने आपल्या संस्काराप्रमाणे, मायेने उडी घेतली. त्या मायेला आवरणारा कोणी काठावर नव्हता, एवढाच दोष.

तेव्हा हिशेब तर स्पष्ट आहे : एक बुडाला असता दुसऱ्याने बुडू नये. पण हिशेब म्हणजे न्याय नव्हे. पाचांतून एक वजा करून चार उरवणारा माणूस गणितात पास होईल; रात्री त्याला झोप लागेल असे नाही. बाबांना लागली नाही. नियम बरोबर होता म्हणून मोठे काका परत येत नाहीत. आणि ते त्या घटकेला जिवंत होते की नव्हते, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. जो कोणी या प्रश्नाचे उत्तर खात्रीने देतो, तो विहिरीच्या काठावर कधी उभा राहिलेला नसतो.

मग हेलिकॉप्टरातला तो विंचवाला आणि माझे बाबा यांच्यात फरक कोणता? चिंचेखाली बसून मी याचाच विचार करीत राहिलो, आणि मला वाटते, फरक त्या एका वाक्यात होता : आम्ही उतरतो तेव्हा आम्हाला हे माहीत असते. तारेवरून उतरणाऱ्याने त्या कळेला आधीच संमती दिलेली असते. आज जो खाली आहे तो उद्या दारात बसेल, दारातला उद्या खाली उतरेल. ती कळ एकाच्या बोटाखाली असली तरी तिच्यावर सगळ्यांचा हात असतो. निर्णय संकटाच्या क्षणी झालेलाच नसतो. तो डोके थंड असताना, जमिनीवर, सर्वांनी मिळून केलेला असतो. म्हणून तो दाबणारा दुःखी होईल, पण एकटा पडणार नाही. बाबांना तो निर्णय एका श्वासात, एकट्याने, विळा हाती घेऊन करावा लागला; आणि मग सगळे गाव त्यांना विचारीत राहिले की तू हा कोणाला विचारून केलास.

शिक्षणाचे खरे नैतिक मोल मला येथे दिसते. आपण समजतो की ते हात तयार करते, गाठी मारावयास शिकवते, भीती घालवते. ते सर्व खरे. परंतु जो भार एका माणसाने वाहू नये, तो आगाऊ वाटून देणे हे त्याचे मोठे काम आहे. विहिरीत आधी हवा खेळवल्याशिवाय कोणी उतरावयाचे नाही आणि कमरेला दोर असल्याशिवाय तर नाहीच, हे आमच्या गावात सगळ्यांना आधी शिकवलेले असते, तर बाबांना दोर कापावा लागला नसता; आणि कापावा लागला असता तरी काकूंना तो प्रश्न पडला नसता.

कोणी म्हणेल, मग हे शास्त्र फक्त आपला जीव राखण्याचे झाले. तसे नाही. नियम पाळणारेही मरतात. २५ जून २०१३ रोजी उत्तराखंडच्या पुरात अडकलेल्यांना सोडवण्याच्या कामी निघालेले हवाई दलाचे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले आणि वीस जण गेले. हवाई दलाचे, आपत्ती दलाचे, भारत-तिबेट सीमा पोलिसांचे. धोका शिकवणीने नाहीसा होत नाही. तो अंगावर घेण्याजोगा आहे की नाही, हे पाहण्याची दृष्टी येते एवढेच.

याचे एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे, पण मला ते फार जवळचे वाटते. इंग्लंडात समुद्रात सापडलेल्यांना सोडवणारी एक संस्था १८२४ पासून आहे आणि तिच्या नावांवरचे लोक बहुतेक स्वयंसेवक असतात. कोळी, दुकानदार, सुतार. कॉर्नवॉलमधल्या मावझल गावी १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री वादळात एक जहाज खडकाकडे ढकलले जात होते. त्यावर आठ माणसे होती. नौदलाचे हेलिकॉप्टर आले, तार सोडण्याची खटपट केली. पण हेलकावणाऱ्या जहाजाची डोलकाठी पात्यांशी येई, जवळ जाता येईना. शेवटी गावची नाव गेली. निघताना नावेच्या तांडेलाने एका तरुणाला उतरवून ठेवले, कारण त्याचा बाप आधीच नावेत बसला होता. अशा रात्री एका घरातला एकच, असे त्याचे म्हणणे. नावेने चौघांना घेतल्याचा निरोप आला आणि पुढे काहीच आले नाही. नावेतले आठ, जहाजावरचे आठ, सोळाही गेले. दुसऱ्याच दिवशी नव्या नावेसाठी पुरेसे स्वयंसेवक गावातून पुढे झाले.

त्या तांडेलाचा मी पुष्कळ विचार केला आहे. तो स्वतः गेला. त्याच्या धैर्याविषयी प्रश्नच नाही. पण जाताना त्याने काठावर एक मुलगा ठेवला, एका आईसाठी. उडी घेणे आणि कोणाला तरी उडी घेऊ न देणे, ही दोन्ही एकाच धैर्याची अंगे आहेत, हे त्याला कळले होते. आपण पहिल्याला हार घालतो. दुसऱ्याला विचारतो, दोर का कापला.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे, नाही तर माझ्या बोलण्याचा आधार भलतेच लोक घेतील. पुलावर उभे राहून बुडत्या माणसाचे मोबाइलवर चित्र काढणारा आणि उद्या ‘आधी स्वतःला जपा असे शास्त्रच आहे’ म्हणणारा, हा या क्रमात कोठेच बसत नाही. थांबणे आणि बघत बसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बाबा थांबले, पण दीड तास ते एक क्षण स्वस्थ उभे नव्हते. दुसरा दोर येईपर्यंत बादल्या चालू होत्या, डहाळे चालू होते. ज्याने दोर कापला, त्याच्यावर दुसरा दोर आणण्याचे ऋण राहते. ते जो फेडीत नाही, त्याचा संयम म्हणजे नुसती उदासीनता होय. गाडगेबाबांनी याच पूर्णेच्या काठी, ऋणमोचनला, लोकांकडून मदत घेऊन घाट बांधवला. यात्रेकरू चिखलात घसरतात हे पाहून हळहळणारे तोवर पुष्कळ झाले असतील. पायरी घालणारा तो एक निघाला. संकटाच्या क्षणी उडी घेणे हा एक धर्म, तसा संकट येण्याआधी पायरी घालून ठेवणे हाही धर्मच.

त्या संध्याकाळी पोरे गेल्यावर आम्ही दोघे चिंचेखाली बसलो. दोर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, “सर, पयल्या दिवशी आमच्या उस्तादानं हे शिकवलं ना, तवा मले तुमचे बाबाच आठवले. म्या घरी फोन केला. बाबाले सांगितलं, त्याहीनं बरोबर केलं होतं.”

“मग? काय म्हणाले?”

“काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मंग म्हणे, हाव, मले माहीत होतं.”

मी त्याला पुढे काही विचारले नाही. माहीत होते आणि तरी पंचवीस वर्षे बोलता आले नाही. माणसाचे असेच असते. ज्याने आपला जीव वाचवला त्याच हाताने आपला भाऊ खाली राहिला, त्या हाताला नमस्कार करावयाचा की तो झिडकारावयाचा, हे कोणत्या शास्त्राने सांगावे? त्यांनी अखेर खांदा दिला. त्याहून स्पष्ट उत्तर मी मागू नये.

शाळा उघडल्यावर मी आमच्या मैदानातल्या कडुनिंबाला कप्पी बसवून घेतली. मुले हरखून गेली. पट्टा घालून वर जावयास सगळेच तयार. खाली उतरून वाचवणारा व्हावयाला तर मारामारी. “दोर कोण धरणार?” असे विचारल्यावर मात्र सगळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. त्यात काय गंमत? दोर धरणाऱ्याला कोणी पाहत नाही. त्याला झोका मिळत नाही, टाळ्या मिळत नाहीत. तळहात मात्र सोलतात. मी त्यांना रागावलो नाही. त्यांच्या वयाचा असताना मीही तेच केले असते.

पहिल्या दिवशी दोर मीच धरला. पाचवीतली एक लहानशी मुलगी पट्ट्यात होती. तिचे पाय सुटले, तिने दोन्ही हात अंगाशी घट्ट लावले आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले. तिचे वजन ते किती! पण आपल्या हातात कोणाचा तरी सगळाच भार आला आहे, हे अंगातून शिरशिरी नेऊन जाते. बाबांच्या हातांना त्या दिवशी काय वाटले असेल, ते मला पस्तीस वर्षांनी थोडेसे कळले.

आता सहामाहीची सुट्टी लागली आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्याकडे गोठ्यात, उकिरड्यावर, विहिरीवर एकेक पणती ठेवावयाची चाल आहे. बाबा आमच्या विहिरीवर ठेवून झाले की बांध ओलांडून त्या विहिरीवरही एक ठेवीत आणि कोणाच्या दृष्टीस न पडता परतत. ते काम आता माझ्याकडे आहे. यंदा मात्र मी एकटा जाणार नाही. शाळेतली दोन-चार मुले बरोबर नेणार आहे. त्यांना ती विहीर दाखवीन, तिच्यात काय झाले ते सांगीन, आणि दोर कापला तो का, हेही सांगीन. ते त्यांना आधीच ठाऊक असलेले बरे.